मामांच्या बंदुकीचा दस्ता

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, की आता रायफलबद्दल खोटं बोलावं लागणार नाही. लिहितानाही लाज वाटते, पण आला खरा...

माझे हे मामा सांडोर गावच्या केळीच्या वाडीत राहायचे. भाजीवर पाखरं उतरली की छर्‍यांच्या बंदुकीनं आंब्याला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यावर नेम धरायचे. ठण्णकन आवाज झाला की पाखरं पसार! नेमबाजीचं वेड मला तिथंच लागलं. म्हणून स्वतःची रायफल घ्यायची ठरली तेव्हा दुकानात मामांनाच घेऊन गेले. त्यांनी एक साधी, स्प्रिंगची रायफल उचलली, डोळे मिटून खांद्याला लावली आणि मग डोळे उघडून नेम आपसूक डोळ्यासमोर येतो का ते पाहिलं. "हीच घे बाय. आपल्याकडची हवा खारी. हिचा वॉशर गेला तर नाक्यावरचा मोची चामड्याचा कापून देल. जी इथं दुरुस्त व्हते तीच टिकते." पण नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांकडे परदेशी, भरलेल्या हवेच्या दाबावर चालणार्‍या रायफली. मी तसलीच घेतली. मामा हसले. "घे. खांदा तुजा हाय."

वर्षाच्या आत तिची हवा गळू लागली. सुटा भाग कुठं मिळेना. रायफल माझ्या फुलपाड्याच्या घरात माळ्यावर गेली, आणि मामांना मी सांगत राहिले, "झकास चाललीय." पडले तरी नाक वर!

शेवटची भेट गणपतीतली. बोलता बोलता मामांनी माझा हात कोपरात वाकवला आणि केळीच्या सोपटाची दोरी कोपरापासून बोटापर्यंत धरून गाठ मारली. "काय हे मामा, उशीर होतोय," म्हणत मी हात सोडवून घेतला. खांद्याला टेकणार्‍या दस्त्याची लांबी याच मापानं ठरते, हे मला, नेमबाज म्हणवणारीला, सुचलं नाही.

तेराव्यानंतर मामींनी खुंटीवरची ती जुनी बंदूक माझ्या हातात दिली. दस्त्याचं टोक करवतीनं कापून घासलेलं होतं. डोळे मिटून खांद्याला लावली, उघडले... नेम बरोबर डोळ्यासमोर.

"तुजी बिगडलीय ता त्यांना कवाच कललेला," मामी म्हणाल्या. "तू गेलीस नि कापायला बसले. मग त्यांच्या खांद्याला ती बसंना. पाखरं आली की टाल्या वाजवीत धावायचे."

बंदूक मी घरी आणली नाही. सुट्टीला सांडोरला जाते, खुंटीवरून काढते, डब्यावर नेम धरते. पाखरं उडतात. मामी ओट्यावरून "लागला गं!" म्हणतात, आणि त्यांच्याकडे बघायला माझी मान वर होत नाही.