कोष्ण रक्ताचा घोडा

मंडळी, तबेल्यातूनच घाईत टाइप करतेय. टायपो पोटात घाला.

लॉकडाऊननंतर इथे आयर्लंडात ल्यूकनजवळचा तबेला उघडला आणि आज आमची ईरा हॅनोव्हेरियन घोड्यावर बसणार होती. या जातीला ‘वॉर्मब्लड’ म्हणतात. मी गाडीतच भाषांतर केलं, "उष्णरक्त! म्हणजे तापट."

"नो, आई!" मग ईरानं तिच्या आयरिश इंग्रजीत समजावलं: जर्मनांनी गाडी ओढणाऱ्या दणकट घोड्यांत रेसच्या घोड्यांचा वेग मिसळला आणि पिढ्यान्‌पिढ्या शांत डोक्याचेच निवडले.

ईरा भिंतीलगत त्याचा लगाम धरून उभी होती. आम्ही दोघं नवरा-बायको कुंपणाबाहेर. तेवढ्यात तबेलेवाली ऊना ओरडली, "माइंड युअर मॅन!"

मी पतिव्रतेसारखी नवऱ्याकडे वळले. तो बिस्किट खात होता. इथे ‘युअर मॅन’ म्हणजे ‘तो बघा, तो’, हे तेव्हा कुठलं आठवायला! ‘तो’ होता दार फोडून सुटलेला रेसचा घोडा.

त्यानं हॅनोव्हेरियनच्या मानेचा लचकाच तोडला. मग बरगड्यांवर लाथा. रक्त ईराच्या जॅकेटवर उडालं. ती भिंत आणि घोड्याच्या मधे अडकलेली. हॅनोव्हेरियन एक पाऊल सरकला असता, तर ती चिरडलीच असती.

तो सरकला नाही. ऊनानं दुसऱ्याला ओढून नेईपर्यंत नुसता थरथरत उभा राहिला.

"ही'ज ग्रँड, आई," ईरा रडत म्हणाली. इथे ‘ग्रँड’ म्हणजे नुसतं ‘ठीक’.

भाषांतर सुधारलंय. उष्ण नव्हे, कोष्ण. संस्कृतात कोमट.

आता व्हेट टाके घालतोय आणि ईरा घोड्याजवळून हलत नाहीये. तिला घरी कसं न्यायचं, सांगेल का कुणी? की नेऊच नये?