वाऱ्यानं न पडणाऱ्या घोड्या

माझ्या ताईचा उजवा गुडघा पूर्ण दुमडत नाही. जेवायला बसली की ती तो पाय ताटाशेजारी लांब सोडते आणि वाढणारा माणूस सवयीने त्याला वळसा घालून पुढे जातो. आमच्या घरात आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटायचं. कारण त्या गुडघ्याबद्दल एक गोष्ट मला दोन वर्षं माहीत होती आणि ती मी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, माणच्या माळावर आहे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी विट्याला जाऊन वेल्डिंग शिकले आणि परत येऊन त्यांनी फाट्यावर शेड टाकली. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, मेंढरांच्या वाड्याची फाटकं, पाण्याच्या टाकीखालच्या घोड्या अशी कामं ते करतात. घोडी म्हणजे ओझं पेलणारा लोखंडी स्टँड. आमच्याकडे वारं फार. डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. आषाढात घरांचे पत्रे उडतात, दोरीवरचे कपडे दुसऱ्याच्या रानात सापडतात. त्यामुळे आप्पांचं कौतुक लोक एकाच वाक्यात करतात, "ह्यानं उभं केल्यालं पडत न्हाई."

ताई नववीत असताना शाळेच्या खेळाच्या सरांनी त्यांच्याकडे एक काम आणलं. सर मूळचे कबड्डीचे. ताई पळायला चांगली म्हणून त्यांनी तिला अडथळ्यांच्या शर्यतीत, हर्डल्समध्ये घातलं होतं. सराव बांबूच्या अडथळ्यांवर चाले आणि ते वाऱ्याने सारखे आडवे व्हायचे. पळण्यापेक्षा उभे करण्यातच जास्त वेळ जायचा. सरांनी पुस्तकातला फोटो दाखवला. तो समोरून काढलेला होता. दोन खांब आणि वर काळी-पांढरी पट्टी. खाली पाय कसे आहेत ते त्यात कळत नव्हतं.

"फकस्त एवढं बघा, वाऱ्यानं पडाय न्हाई पायजेत," सर म्हणाले.

"वाऱ्यानं?" आप्पा हसले. "सर, बैल धडाकला तरी पडायच्या न्हाईत."

त्यांनी दहा घोड्या केल्या. शेवटपर्यंत ते त्यांना घोड्याच म्हणाले. प्रत्येक खांबाला पुढे एक पाय आणि मागे एक पाय. पायांच्या पाइपात वाळू भरून तोंडं बंद केली. वरच्या पट्ट्या ताईने स्वतः रंगवल्या. तालुक्याच्या स्पर्धेलासुद्धा याच घोड्या ट्रॅक्टरमधून नेल्या आणि तिथे ताई पहिली आली. त्या दिवशी आप्पा शर्यत बघत होते की घोड्या, हे मला आजही सांगता येणार नाही.

पट्टीला पाय लागला की बाद, असं सर सांगायचे. त्यांना तसंच वाटत होतं आणि गावात दुसरं सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून ताई गरजेपेक्षा वरून उडायची. साताऱ्याला जिल्ह्याची स्पर्धा आठ दिवसांवर आली असताना, एका संध्याकाळी, चौथ्या घोडीवर तिचा मागचा पाय लागला. मी तिच्या चपला घेऊन कडेला बसले होते. घोडी जागची हलली नाही. गुडघा तिथेच अडकला आणि ताई पुढे गेली. आवाज झाला तो लोखंडाचा झाला असं मला वाटलं होतं.

आप्पा शेडवरून गाडीने आले. आल्या आल्या वाकून त्यांनी आधी घोडी हलवून बघितली आणि म्हणाले, "जोड शाबूत हाय." ती कारागिराची सवय होती. पोरीकडे बघायचं धाडस होईना म्हणून ते लोखंडाकडे बघत होते, असं मला आता वाटतं. आईने मात्र ते वाक्य कधी विसरू दिलं नाही. भांडण कशावरूनही निघो, शेवटी ती म्हणायची, "तुमी जोड बघा."

मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण पळणं सोडा. सर भेटायला आले तेव्हा हळहळून म्हणाले, "पाय उचलला न्हाईस गं पोरी." पुढे गावात सगळे तेच म्हणाले आणि काही दिवसांनी ताईही तेच म्हणायला लागली. पळण्याच्या जोरावर तिला कॉलेजात जायचं होतं. बारावीनंतर ती शिवणकाम शिकली आणि इस्लामपूरकडच्या एका चांगल्या घरात तिचं लग्न झालं. कॉलेजात मी गेले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगलीच्या हॉस्टेलवर मला सोडायला ताईच आली होती. माझी गादी घालून देताना म्हणाली, "तू तरी पाय उचल."

ती सहज बोलली असेल. मला ते फार लागलं.

पहिल्या वर्षी कॉलेजच्या क्रीडा महोत्सवात मी स्वयंसेवक होते. मला खेळातलं काही येत नाही. पण हर्डल्स मांडायला कोण येणार असं विचारलं, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. पहिलं हर्डल उचललं आणि मी दचकले, इतकं ते हलकं होतं. त्याला पायही एकाच बाजूला होते. मी ते माझ्या अंदाजाने ठेवलं, तर पंच बाई लांबून ओरडल्या, "अगं, उलटं लावलंस! पाय पळणारीकडे हवेत."

"का?" मी विचारलं.

त्यांनी पट्टीला बोटांनी पुढे ढकललं. हर्डल सरळ पुढे आडवं झालं. "लागलं की पडलं पाहिजे. नाहीतर पोरींचे गुडघे जातील ना."

"पण पडलं की बाद ना, बाई?"

"कुणी सांगितलं तुला? मुद्दाम पाडलं तर गोष्ट वेगळी. चुकून लागलं तर पळत राहायचं."

उरलेली हर्डल्स मी नीट मांडली. शर्यत बघायला मात्र थांबले नाही. वसतिगृहात येऊन पांघरूण घेऊन पडले.

घरी सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. सांगितलं तर ताईच्या डोक्यावरचा दोष उतरेल, पण तो जाऊन आप्पांच्या डोक्यावर बसेल. ज्या माणसाने आयुष्यभर न पडणाऱ्या वस्तू केल्या, त्याला मी काय म्हणणार होते? दर सुट्टीत ठरवून जायचे आणि न बोलता परत यायचे. शिकलेल्या माणसाने घरात शहाणपणा दाखवू नये, असंही मी मनाशी म्हणायचे. खरं तर ती माझी भीती होती.

यंदा गौरींना ताई माहेरी आली. मीही चार दिवस घरी होते. त्याच दिवसांत परदेशात जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. महिलांच्या शंभर मीटर हर्डल्सची अंतिम शर्यत आमच्या इकडच्या संध्याकाळी होती. मी ते बोलले नव्हते. ताईनेच मोबाइलवर शोधलं होतं. लग्नानंतरही ती दर मोठ्या स्पर्धेत ही एवढी एक शर्यत बघते, हे मला त्या दिवशी कळलं.

गौरीपुढे समई लावून झाली होती. झिम्मा खेळायला बायका जेवणं उरकून येणार होत्या. ताईने मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि पाय लांब करून बसली. मी तिच्या शेजारी. आप्पा उंबऱ्याजवळ पान लावत होते. आई पुरणाचं पातेलं घासत मागून बघत होती.

पडद्यावर आठ जणी ओळीत उभ्या राहिल्या.

"आगं बया, ह्यास्नी थंडी वाजत न्हाई व्हय?" आई म्हणाली.

"आई, गप. सुना न्हाईत त्या तुझ्या," ताई म्हणाली आणि आप्पासुद्धा हसले.

बंदूक वाजली. तेरा सेकंदांच्या आतला खेळ तो. पापणी लवावी तसे अडथळे मागे जात होते. कडेच्या एका लेनमधली उंच पोर पुढे होती. पाचव्या हर्डलला तिचा पाय लागला. ते आडवं झालं. ताईचा हात माझ्या मनगटावर आवळला गेला. सहावं नीट गेलं, सातवं पुन्हा पडलं. ती पोर डगमगली, सावरली आणि पळत राहिली. तिसरी आली. रेषेपलीकडे ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली, मग हसली.

"बाद केली आसंल तिला," ताई म्हणाली.

पडद्यावर निकाल आला. तिसऱ्या जागेवर तिचंच नाव होतं. तिने खांद्यावर झेंडा घेतला.

"दोन पाडली की तिनं," ताई हळू म्हणाली. "मग?"

शर्यत पुन्हा, संथ करून दाखवू लागले. बाजूने. पाय पट्टीला लागला आणि हर्डल मान टाकावी तसं पुढे झुकलं. आप्पा उठून आले. पान त्यांच्या हातातच राहिलं होतं. ते मोबाइलसमोर उकिडवे बसले.

"थांबीव. मागं घे."

ताईने मागे घेतलं. त्यांनी तीन वेळा बघितलं. कुणी काही सांगायची गरज नव्हती. लोखंडात हयात गेलेला माणूस तो.

"पाय येकाच अंगाला हायती," ते म्हणाले. "पडायसाठीच केल्यात त्या."

भांडं घासायचा आवाज थांबला. मला वाटलं आता आई ते वाक्य म्हणेल. ती म्हणाली नाही.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, म्हणून बघितलं असेल, किंवा माझ्या तोंडावर दिसलं असेल.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दोन वर्षं झाली आप्पा. तुमाला वाईट वाटंल म्हणून मी..."

"माझं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "दोन वर्षं पोरी त्याच घोड्यांवरनं उड्या मारत्यात न्हवं साळंत."

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दोन वर्षं मी ताईचा आणि आप्पांचा विचार करत होते. माझी चुलत बहीण त्या शाळेत आठवीत आहे, तीही पळते, आणि तिचा गुडघा मला दिसला नव्हता. मी खूप विचार करते असं मला वाटायचं.

ताईने मोबाइल बंद केला. "म्हंजी चूक माझ्या पायाची न्हवती," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. मग तिने तो लांब केलेला पाय दोन्ही हातांनी चोळला, जसं आपण झोपलेल्या पोराला थोपटतो.

त्या दिवशी बायका आल्या, झिम्मा झाला. ताई दरवर्षीसारखी भिंतीला टेकून टाळ्यांचा ठेका धरत राहिली. आप्पा ओट्यावर बसून होते. त्यांना कुणी बोलावलं नाही.

सकाळी आप्पा ग्राइंडर, दोन चकत्या आणि वायरचं बंडल घेऊन शाळेवर निघाले. आम्ही दोघी मागून गेलो. वाटेत मी त्यांना सांगलीच्या पंच बाईंचं सगळं सांगितलं. शाळेला सुट्टी होती. शिपायाने व्हरांड्यातून लाइट दिली. घोड्या मैदानाच्या कडेला एकात एक सारून ठेवल्या होत्या. पट्ट्यांवरचा ताईचा रंग उडाला होता, पण घोड्या तशाच भक्कम होत्या. एकीचाही जोड सुटला नव्हता.

आप्पांनी काळा चष्मा लावला आणि एकेका घोडीचे पलीकडचे पाय कापायला सुरुवात केली. पाय तुटला की आतली वाळू भुरभुर बाहेर यायची. उरलेल्या पायांचीही तोंडं उघडून त्यांनी वाळू काढली. पट्टी ढकलून बघायचे, जड वाटलं तर पाय आणखी आखूड करायचे. मधेच सर आले. गावातून कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग ताईला म्हणाले, "मी तुला काय काय बोललो असंन गं."

"तुमाला तरी कुणी सांगितलं हुतं, सर," ताई म्हणाली.

त्या वाक्यात माझं नाव नव्हतं. तरी मी मान खाली घातली.

दहा घोड्या आम्ही मैदानात ओळीने मांडल्या. पाय पळणारीकडे, हे आता मला माहीत होतं. त्या उभ्या राहतात न राहतात तोच डोंगराकडून वारं आलं आणि तिसरी, सहावी, सातवी पडली. आप्पा सवयीने उचलायला धावले. मधेच थांबले.

ताई चौथीजवळ गेली. ती उभी होती. तिने दुखऱ्या गुडघ्याने पट्टीला हलका धक्का दिला. घोडी पुढे आडवी झाली. मातीत पडल्याचा आवाज अगदी छोटा आला. ताई तिच्यावरून पाऊल टाकून पलीकडे गेली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

आप्पांनी चष्मा काढला नाही. काम संपलं होतं, ग्राइंडर बंद होता, तरी काढला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"सांगलीला ज्या बाईनं तुला दाखिवलं, त्यास्नी इचार. वारं आल्यावर पोरींनी काय करायचं?"

"परत उभ्या करायच्या, आप्पा."

"मग करा की," ते म्हणाले.

मी तिसरीपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने ताई सातवीकडून आली. आम्ही चौथ्या घोडीपाशी भेटलो, दोन्ही टोकांना धरून ती उभी केली.