सुशीमावशीचं फुकटचं तारण

सुशीमावशीला कोणी काही देऊ केलं, तर ‘राहू दे, कशाला उगाच’ हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. आपल्याकडे कोणी दिलेली साधी साडी घेतानाही दोनदा नको म्हणायची रीत. मावशी समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात पुढे करायची. माशाच्या कालवणातली मधली तुकडी असो, शेजारणीने नेसून कंटाळलेलं पातळ असो, आनंद तोच. “देतेस ना? मग दे की गं!” मला ते बघवायचं नाही.

ती आईची धाकटी बहीण. विशीत एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेली. तो पुढे दुसरीकडे संसार मांडून बसला, आणि मावशीने चौक गावाला हायवेच्या कडेला ढाबा टाकला. ढाब्याच्या मागे दारूही विकली. कर्जतच्या आमच्या चर्चमध्ये तिचं नाव दबक्या आवाजात घेतलं जायचं, आमच्या घरात तेवढंही नाही. आई अगदी दुसऱ्या टोकाची. चर्चमध्ये ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात, त्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती उपास धरायची, कोणाला वाकडा शब्द गेला असेल तर घरी जाऊन माफी मागून यायची. मी तिच्याच तालमीतली. लग्न राहून गेलं, पण चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना पवित्र शास्त्र शिकवणं एकदाही चुकवलं नाही.

मावशीचं यकृत कामातून गेलं तेव्हा डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. घर म्हणजे आमचंच. आईने पुढच्या खोलीत खाट घातली आणि पांढरी चादर अंथरली. मावशी खाटेवर टेकता टेकता म्हणाली, “केवढी गार हाय गं ही चादर!”

आमच्या चर्चचे पाळक तिला भेटायला यायचे. एका दुपारी तिने त्यांना सरळ विचारलं, “मी आता काय करायला पायजे?”

“काही नाही, मावशी. तुमच्या तारणासाठी जे करायचं होतं ते ख्रिस्ताने केलंय. तुम्ही फक्त घ्यायचं.”

मावशी कोपरावर उठली. “फुकट?”

“फुकट.”

“मंग घेते की!” म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. त्यानंतर ती गाढ झोपली. मी दारात ओला पंचा पिळत उभी होते. हेच मी मुलांना दर रविवारी शिकवत आले होते. कृपा कमावता येत नाही, ती देणगी असते. माझ्या तोंडात त्या शब्दांना कधी चव आली नव्हती. हिला ती पहिल्याच घासाला लागली.

मग मत्सर मला पोखरत गेला. मावशी खाटेवर पडून शेजारणीशी बोलावं तशी प्रार्थना करायची. “देवा, आज पोट लई दुखलं बरं का. बाकी बरं हाय.” आणि चेहरा असा, की पलीकडून कोणीतरी हुंकार दिला असावा. मी गुडघे टेकून डोळे मिटले, की मला फक्त पंख्याची घरघर ऐकू यायची.

एकदा तिचे पाय चेपताना न राहवून मी बोललेच, “मावशी, एवढं सगळं करून तुला लाज नाही वाटत?”

“वाटते की गं. तुझ्या आयेच्या तोंडाकडं बघून तर लई वाटते.” तिने पाय जरा जवळ ओढले. “पण तो देतोय, आन् मी लाजून नको म्हणू? आधी काय कमी दुखावलंय त्याला?”

मी तिचे पाय जरा जोरातच चेपले.

शेवटच्या आठवड्यात पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले. भाकर आधी मावशीला दिली. मग आईकडे वळले, तशी आई म्हणाली, “मला आज नको. माझं मन साफ नाही.”

“माझ्यावर राग हाय ना, लीलाताई?” मावशीने विचारलं.

“आहे.”

“मंग राग घेऊनच ये. मी काय काय घेऊन आलेय, तुला म्हाईत हाय.”

आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाहेर आलीच नाही. मी घेतलं, पण माझंही लक्ष भाकरीत नव्हतं. मावशी त्या दाराकडे बघत राहिली होती, अंधार पडेपर्यंत.

चार दिवसांनी ती गेली. दफनाच्या वेळी आई कोरडीच होती. दुसऱ्या दिवशी चौकहून ढाब्यावरची माणसं आली, एक म्हातारा आचारी, एक गॅरेजवाला, दोन ड्रायव्हर. दारातच घुटमळली. आईने त्यांना आत बोलावून जेवायला बसवलं. आचाऱ्याने ताट जरा बाजूला सारलं.

“आमाला लई सांगायची तुमचं,” तो आईला म्हणाला. “माझी ताई कर्जतला हाय. तिच्यासारखं चांगलं वागायला आपल्याला या जल्मात नाय जमायचं, बोलायची. तुमचा लई हेवा वाटायचा तिला.”

आईच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. मग ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. “इतकी वर्षं ती तुम्हाला मिळाली रे,” ती म्हणाली, “आणि मला नाही.” आणि पदर तोंडाशी न नेता, परक्या पुरुषांसमोर, मोठ्याने रडली. रडता रडता म्हणाली, “सांगा ना. अजून सांगा. काय काय बोलायची ती?”

ते सांगत गेले. आई ऐकत गेली, मध्येच हसलीसुद्धा. मी भांडं हातात घेऊन उभी होते. मावशीसारखंच आता आईही मागून घेत होती. मावशीचा हेवा तर होताच. त्या दुपारपासून मला आईचाही वाटायला लागला.