आवस खंय?

बाबांना अर्धांगवायू झाला तो समुद्रावरून रापणीचं जाळं ओढून आल्या आल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ज्यांची हाक अर्ध्या किनाऱ्यावर ऐकू जायची, त्यांच्या तोंडून आता फक्त ‘आ… आ…’ निघे. सावंतवाडीच्या हॉस्पिटलात कुणी तपासायला आलं की बोलायचं ते माझ्याशी, नाहीतर दादाशी. ‘जेवले का? झोप लागली का?’ बाबा मध्ये खाटेवर, आणि बोलणं त्यांच्या अंगावरून.

आई रोज दुपारी मालवणहून एस्टीने पेज घेऊन यायची. भरवताना त्यांना घरच्या गजाली सांगायची, जणू ते हुंकार देताहेत. आणि एका सकाळी तीच गेली. छातीत कळ आली, शेजारीण धावून येईपर्यंत संपलं होतं.

अग्नी देऊन दादा हॉस्पिटलात आला तो डोक्यावर टोपी घालूनच. जिन्यात मला म्हणाला, “तेंका सांगू नको गो. तेंका आता काय कळणा नाय. आणि कळला तर जीव सोडतले.” मी पदराने तोंड पुसलं आणि आत गेले.

बाबा दाराकडे बघून ‘आ… आ…’ करत होते. आम्ही पाणी पाजायचो. ते ओठ घट्ट मिटायचे, पाणी उशीवर सांडायचं. असे काही दिवस गेले.

वॉर्डात लातूरकडची एक नर्स नवीन आली होती. “मला तुमची बोली समजत नाही ताई, म्हणून मी माणसाच्या चेहऱ्याकडेच बघते,” ती म्हणाली. “यांना पाणी नकोय. हे काहीतरी विचारतायत.”

तिनं स्टूल ओढलं आणि बाबांच्या डाव्या हातात आपला हात दिला.

“काका, हो असेल तर हात दाबा. पाणी हवंय?”

हात तसाच.

“कुणाची वाट बघताय?”

त्यांनी दाबला.

“काकूंची?”

बाबांनी तिचा हात सोडलाच नाही. आवस खंय, तुमची आई कुठे आहे, एवढंच ते आम्हाला विचारत होते.

तिनं डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, “यांची वाचा गेलीय, समज गेलेली नाही. हे आम्ही तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. आता तुम्ही सांगा. आम्ही इथेच थांबतो.”

मी जवळ बसले. “बाबा, आये आमका सोडून गेली.”

ते छताकडे बघत राहिले. मला त्यांना झटका आला त्या दिवशीची सकाळ आठवली. अंगात ताप असताना रापणीला जाऊ नका म्हणून आई भांडली होती, आणि ते तिच्यावर ओरडून निघून गेले होते. परत आल्यावर तिची समजूत काढायला त्यांच्याकडे वाचाच उरली नव्हती.

“आये रागावली म्हणान येना नाय, असा वाटला तुमका?”

त्यांनी माझा हात दाबला. मग डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहत गेलं. दादानं टोपी काढली आणि आपलं मुंडण केलेलं डोकं त्यांच्या छातीवर ठेवलं. नर्स खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बाराव्याला आम्ही त्यांना घरी आणलं. पुढे दोन पावसाळे ते आमच्यात होते. भूक, ऊन, दुखणं, सगळं आम्ही त्यांनाच विचारायचो, आणि ते हात दाबून सांगायचे. पण आईला जे सांगायचं राहून गेलं होतं, ते ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये मावणारं नव्हतं.