उताराचं इंजिन

डेल्फा स्टम्पच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि अजून सकाळचे नऊही वाजले नव्हते.

बावीस वर्षं कंपनीचा ट्रक चालवून झाल्यावर ती बेकली गावातल्या ट्रकविक्रीच्या यार्डात स्वतःचा ट्रक घ्यायला आली होती. सोबत दीर होबर्ट होता, तोही फक्त तिला गाडीतून सोडायला. पण यार्डातला विक्रेता लँडन क्रोव बोलत होता तो होबर्टशी.

"वहिनी लाकूड वाहणार ना, साहेब? मग हे तेरा लिटरचं इंजिन, साडेचारशे हॉर्सपॉवरचं. डिझेल बेताचं पितं. बाईमाणसाला पुष्कळ झालं."

"अहो, मला विचारा की!" डेल्फा कडाडली. "ह्यानं जन्मात कोंबड्यांच्या पिंजऱ्याशिवाय काही वाहिलेलं नाही."

होबर्टनं गप्प बसावं की नाही? पण नाही. "डेल्फा, माझं ऐक. सहाशेचं घे. बकहॉर्न घाटाच्या चढावर इतकी वर्षं रस्त्याच्या कडेनं चारी दिवे लुकलुकवत रांगत गेलीस. एकदा त्या लोकांच्या नाकावर टिच्चून पुढे जा!"

हे मात्र तिला लागलं. कंपनीची इंजिनं मरतुकडी. भरलेला ट्रक घाटात ताशी पंचवीस मैलांवर आला, की मागून येणारे ट्रकवाले आपसातल्या रेडिओवर खिदळायचे, "आजी, खाली उतरून ढकलू का?" त्या रागात सहाशे घोडे घेणारे पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते. एका चढाची खुन्नस काढायची, आणि उरलेला सगळा मुलूख डिझेल जाळत फिरायचं. शहाणेच सगळे.

पण तिचा खरा राग चढावर नव्हताच. तो उतारावर होता.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा डेन्झिल त्याच घाटातून सागवानासारख्या जड ओक लाकडाच्या फळ्या घेऊन उतरत होता. ब्रेक तापले, धूर निघाला, आणि ट्रक थांबलाच नाही. कंपनीनं एका कागदावर लिहून टाकलं, 'चालकाची चूक.' झालं! मेलेला माणूस उठून थोडाच बोलणार होता? त्याच्या ट्रकात असंच लहान इंजिन होतं, हे त्या कागदावर कोणी लिहिलं नाही. चढायला किती ताकद लागते, हे सगळे विचारतात. भरलेला ट्रक उतारावर धरून ठेवायला किती लागते, हे एकही माईचा लाल विचारत नाही.

"मी भरलेला ट्रक चालवून बघणार," ती म्हणाली. "माझा ट्रेलर बाहेर उभा आहे. काल एका ओळखीच्याच्या ट्रकनं लाकडाच्या गिरणीतून ओक भरून आणून ठेवलाय."

लँडन हसला. "मॅडम, आम्ही रिकामाच देतो चालवायला. एक चक्कर मारायची, बस."

"रिकामा ट्रक काय, शेळीसुद्धा ओढेल. देत नसाल तर समोरच्या यार्डात जाते."

समोरच्या यार्डाचं नाव काढल्यावर मालकानंच आतून 'देऊन टाक' अशी हातानं खूण केली. लँडन कुरकुरत तिच्या शेजारी चढून बसला.

साडेचारशेचा ट्रक बकहॉर्न बरा चढला. लँडनला हुरूप आला. त्यानं खिशातून खायला पेपरोनी रोल, मांस भरलेला पाव, काढला. "बघितलंत? उगीच घाबरत होतात."

माथ्यावर डेल्फानं इंजिन ब्रेकचं बटण दाबलं. हे बटण दाबलं, की इंजिनच गुरगुरत ट्रकला मागे खेचतं आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात. ट्रकसाठी पाटीवर ताशी पस्तीस मैलांची मर्यादा होती, तिनं तेवढाच वेग धरला. इंजिन गुरगुरलं खरं, पण काटा पुढे सरकला. अडतीस. एक्केचाळीस. तिनं ब्रेक मारला. सोडला. पुन्हा सरकला. पुन्हा मारला. तिसऱ्या वळणावर जळका वास आत आला. लँडनचा रोल हातातच राहिला.

"मॅडम, हळू घ्या ना..."

"मी काय करतेय? तुझं इंजिन करतंय. धर म्हणते, तर धरत नाही."

पायथ्याशी तिनं त्याला खाली उतरवलं. "चाकाला हात लावू नकोस, नुसता जवळ ने."

त्यानं नेला आणि झटकन मागे घेतला.

दुपारी तोच ट्रेलर पंधरा लिटरच्या, पाचशे हॉर्सपॉवरच्या ट्रकाला जोडला. तोच माथा, तोच वेग, तेच बटण. ह्या इंजिनानं असा आवाज काढला, की दरी दुमदुमली, आणि काटा पस्तीसवर खिळून राहिला. अख्ख्या उतारात तिनं दोनदाच ब्रेकला पाय लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. हे इंजिन काही आज निघालेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वीही अशाच यार्डात उभं होतं. थोडं डिझेल वाचावं म्हणून कंपनीनं ते घेतलं नव्हतं, एवढंच. नालायक कुठले! तिनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. लँडन खिडकीबाहेर बघत राहिला.

यार्डात परतल्यावर तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "हेच ना, मॅडम? ह्याच इंजिनाचे सहाशे करून देता येतील. कॉम्प्युटरवर नुसता आकडा बदलायचा."

"नको. पाचशेच राहू दे. मला कोणाच्या पुढे जायचं नाही."

होबर्ट दिवसभर बाकावर बसून कंटाळला होता. तो लगबगीनं आला. "हे काय, सहाशे नाही? बरं, ते जाऊ दे. चढला कसा, ते सांग!"

डेल्फानं किल्ली खिशात टाकली आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"चढायला काय, होबर्ट," ती म्हणाली, "तुझा भाऊसुद्धा छान चढला होता."

होबर्टनं डोक्यावरची टोपी काढली आणि तसाच उभा राहिला.