दोन यंत्रं, एक टायर

शालन आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक पंक्चर. सायकल शाळेतल्या दगडू शिपायाची. मी ट्यूब बाहेर काढली, भोक शोधलं, घासून सोल्यूशन लावलं. टायरमधला काटा चिमट्यानं उपटला. येड्या बाभळीचा होता. इंदापूर भागात माझं सगळं दुकान ह्या काट्यावर चाललं. टायर चढवायला घेतलं तर ती म्हणाली, "थांबा. आना हिकडं."

टायर मांडीवर घेऊन तिनं आतून तळहात फिरवला. सावकाश, भाकरी थापल्यासारखा. लग्न झाल्यापासून ती दुकानात माझ्यासमोर बसायची. कुठलंही टायर तिच्या हाताखालून गेल्याशिवाय चढायचं नाही.

"एक काटा काढला म्हंजी झालं व्हय? त्येचा भाऊ आत बसलाय."

"मी बघितलंय नीट."

"डोळ्यानं बघितलंय. काटा डोळ्याला दिसतोय व्हय?"

सापडला. तिनं तो माझ्या नाकासमोर धरला आणि हसली. मी टायर चढवलं, हवा भरली, सायकल भिंतीला टेकवली. सकाळी दगडू नेणार होता.

सकाळी शालन उठली नाही. झोपेतच हृदय बंद पडलं, असं सांगितलं. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. दुकानाचं शटर ओढलं ते ओढलं. दगडूची सायकल आत राहिली. त्यानं मागितली नाही, मी दिली नाही. तो शाळेत चालत जायला लागला.

असे महिने गेले. मग एक दिवस बारामतीहून फोन आला. हाडांचे डॉक्टर. त्यांना सायकलचा नाद. त्यांच्या चाकांचा आउट मीच काढायचो. आउट काढणं म्हणजे वाकडी झालेली रिम, आरे कमीजास्त ताणून सरळ करणं.

"तात्या, दुकान उघडू नका. नुसते या."

"मला काय जमायचं न्हाय आता."

"कोमलसाठी या."

कोमल म्हणजे म्हाळू आबाची पोरगी. ह्यांची पूर्वी मेंढरं होती, आता इंदापूरच्या अलीकडं थोडी शेती. पोरगी एमआयडीसीत दुधाच्या पॅकिंगला आहे. शाळेत असताना हवा भरायला आमच्याकडं यायची. शालन तिला म्हणायची, तू सायकल चालवत न्हाईस, हाणतीस. त्या हाणण्यातूनच ती रेसिंगला लागली. डॉक्टरांनी तिला आपली रेसिंग सायकल वापरायला दिली होती.

एसटी धरून गेलो. दवाखान्यामागच्या खोलीत सायकल एका लोखंडी घोड्यावर उभी केलेली. मागचं टायर एका रोलरवर टेकलेलं. पेडल मारलं की चाक रोलर फिरवतं, आणि रोलर मोबाईलच्या हुकमावर जड-हलका होतो. चढ म्हणलं की चढ. ह्याला स्मार्ट ट्रेनर म्हणतात. आपण म्हणू, जागेवरची सायकल.

दुसरं यंत्र पेडलमध्ये. त्याचं नाव पॉवर मीटर. पाय किती जोर लावतोय ते हे सांगतं. हिशोब वॅटमध्ये. बल्बवर लिहिलेलं असतं, तेच वॅट. माणसाच्या पायातनं किती बल्ब पेटतील, एवढंच समजा.

आता भानगड अशी. पुण्याचा एक सायकल रेसिंगचा संघ पोरी निवडणार होता. ज्यांना तिथं जाणं जमत नाही त्यांनी जागेवर सायकल मारून नोंद पाठवायची. पण दोन यंत्रांची. ट्रेनरची वेगळी आणि पेडलची वेगळी. कारण मोबाईलमध्ये लबाडी करणारे असतात. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले तरच खरं मानायचं.

कोमलनं दोनदा नोंद पाठवली, दोन्ही वेळा आकडे जुळले नाहीत. पेडल म्हणत होतं जोर भरपूर. ट्रेनर म्हणत होता, छे, एवढा नाही. संघाचं उत्तर आलं : नोंद संशयास्पद. आता शेवटची एकच संधी, रविवार संध्याकाळपर्यंत.

"कामावर समदी म्हणत्यात, मोबाईलमदी आकडा वाढवला आसंल," कोमल म्हणाली. "तात्या, मी हारले आसते तर गप बसले आसते. पर मी चोर न्हाय." तिचे डोळे कोरडे होते. रडून झालेलं दिसत होतं.

डॉक्टरांना पेडलवर शंका होती. ते तिनं सेकंडहँड घेतलेलं. त्यांनी सेल बदलला. पेडलवर पाय नसताना मीटरला सांगायचं असतं, हे शून्य समज. तेही केलं. वजन टांगून बघितलं. पेडल बरोबर सांगत होतं. फरक जसाच्या तसा.

मला मोबाईलमधलं काही कळत नाही. पण टायरचा आवाज कळतो. कोमलला म्हणलं, हाण. तिनं जोर लावला की टायर मधूनच सूंऽऽ करायचं. पकड सुटल्याचा आवाज. चिखलात ट्रॅक्टरचं चाक जागेवर फिरतं, तसं. चाक फिरतंय, पण सगळं फिरणं रोलरपर्यंत पोचत नाही. पाय खरं सांगतोय, रोलर अर्ध्या वाटेतलं सांगतोय.

"टायर घसरतंय, डॉक्टर."

"मग रोलर आणखी दाबू?"

मीच दाबला. मागची नॉब आवळली. माझी जन्माची सवय, ढिलं दिसलं की आवळ. टायर चेपलं. रबराचा वास सुटला. पोरीला पेडल जड गेलं आणि फरक उलट वाढला. चेपलेलं टायरच तिचा जोर खायला लागलं.

"तात्या, हे काय केलंत?"

"चूक केली," मी म्हणलं आणि नॉब होती तिथं आणली.

शनिवार सरत आला होता. डॉक्टरांना पेशंट होते. कोमल भिंतीला टेकून बसली. मी चाकाजवळ बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून टायरवर हात फिरवायला लागलो. बाहेरून, सावकाश. मी असं कधी करत नसे. ते काम माझं नव्हतंच.

टायर बुळबुळीत लागलं. तेल नव्हे, तेल मी झोपेत ओळखीन. तळहात वळवून बघितला तर पिवळाजर्द.

"कोमल, तुजा बा आला हुता का हितं?"

"व्हय. टेस्टच्या आदी यंत्राची पूजा केली त्येनं."

"भंडारा?"

"मूठभर उधळला. दोन्ही खेपंला."

आता कळलं. आमच्याकडं नवं यंत्र आलं की त्यावर खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद, पडतेच. ट्रॅक्टर असो, विहिरीची मोटार असो, पिठाची गिरणी असो. म्हाळू आबा तर पोरीची परीक्षा असली की पेनवरपण टाकायचा. हळद टायरच्या बारीक रेघांत बसली, घामाचे थेंब पडले, लेप झाला. काळ्या रबरावर दिसायचं कारण नाही. डॉक्टरांचा कंपाउंडर रोज रोलर पुसायचा आणि टायर रोज त्याला नव्यानं हळद लावायचं.

डॉक्टर आले. मी हात दाखवला. ते एवढे हसले की बाहेरचे पेशंट वाकून बघायला लागले.

"तात्या, हळदीनं जखम भरते हे ऐकलं होतं."

"हितं जखम झाली. स्पिरिट आना."

दवाखान्यातला कापूस आणि स्पिरिट घेऊन आम्ही तिघांनी टायर पुसलं, रोलर पुसला. बोळे पिवळे व्हायचे थांबेपर्यंत पुसलं. कोमल चढली. सूं बंद. पकड पक्की. दोन आकडे जवळ आले.

जवळ आले, पण जुळले नाहीत. थोडा फरक राहिलाच.

डॉक्टर म्हणाले, "एवढा चालेल का?"

"न्हाय चालायचा." माझ्या तोंडातनं निघून गेलं, "त्येचा भाऊ आत बसलाय."

"कुणाचा भाऊ?"

मी सांगितलं. शालन काय म्हणायची ते. तिच्याबद्दल पहिल्यांदाच कुणाशी बोललो. डॉक्टरांनी हातातला कापूस बाजूला ठेवला. मग खाली बसून म्हणाले, "बरोबर आहे. दुसरा काटा शोधू. तुम्ही यंत्र बघितलंत, आता मी मोबाईल बघतो."

दुसरा काटा त्यांनी काढला, हे मी आवर्जून लिहितोय. माझ्या बापाला तो सापडला नसता. ट्रेनरला आधी शिकवावं लागतं, हे टायर तुझ्यावर किती अडतंय. त्यासाठी चाक जोरात फिरवायचं, मग पाय थांबवायचे आणि आपोआप थांबू द्यायचं. थांबायला किती वेळ लागला त्यावरनं ट्रेनर अंदाज बांधतो. हे त्यांनी केलेलं होतं. पण कधी? हळद असताना.

"म्हणजे मी त्याला घसरतं टायर खरं म्हणून शिकवलं," डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "शिक्षकच चुकला तात्या."

पुन्हा शिकवलं. टायर आधी तापू दिलं, हवा मी भरून दिली, नॉबला हात लावला नाही. आता पेडलचा आकडा ट्रेनरपेक्षा केसभर जास्त राहिला. डॉक्टर म्हणाले, तेवढा राहणारच, चेन आपला वाटा खाते. ते मला मान्य होतं. चेन खाते हे मी आयुष्यभर बघितलंय.

रविवारी सकाळी टेस्ट. आम्ही तयार, आणि दारात म्हाळू आबा उभा. मुंडासं, घोंगडी आणि हातात पिवळी पिशवी.

मी आडवा आलो. "आबा, पिशवी हिकडं द्या."

"का? देवाचं हाय त्ये."

"देवाचंच हाय. पर टायरला नगं."

"दोन्ही खेपंला टाकलाय मी."

"म्हून तर दोन्ही खेपंला पोरगी चोर ठरली."

म्हाळू आबाचा चेहरा पडला. मी जरा जास्तच तोडून बोललो. माझं बोलणं तसंच आहे, शालन असती तर तिनं डोळे वटारले असते. कोमल सीटवरनं उतरली, बापापुढं वाकली आणि म्हणाली, "आबा, मला लावा. कपाळाला. यंत्राला पाय न्हाईत, मला हाईत."

त्यानं चिमूटभर लावला. पिशवी मी माझ्या खिशात घातली.

मग ती हाणायला लागली. डॉक्टरांच्या दोन हातांत दोन मोबाईल, एकात ट्रेनर, एकात पेडल. मी मोबाईल बघितले नाहीत. कान टायरला लावून बसलो. म्हाळू आबा मेंढरांना घालतात तशी शीळ घालत होता, त्याला कळतपण नव्हतं. शेवटी शेवटी पोरीच्या तोंडातनं आवाज यायला लागला, घोडा गांगरून हलायला लागला, मी त्याचा पाय दाबून धरला. टायर शेवटपर्यंत एकसारखं बोललं. एकदापण सूं झालं नाही.

वेळ संपली. ती हँडलवर पडली. डॉक्टरांनी दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी धरले आणि खोली दणाणून ओरडले, "जुळले! आणि आधीच्यापेक्षा जास्त!"

"कुठलं जास्त? पेडल का रोलर?" मी विचारलं.

"दोन्ही, तात्या, दोन्ही!"

संध्याकाळी संघाचा फोन आला. नोंद मान्य, पोरगी निवडली. वरनं त्यांच्या कोचनं विचारलं, आधीच्या दोन नोंदींत घोळ काय होता? कोमल म्हणाली, "सर, टायरला हळद लागली हुती." मग ते म्हणाले, "लग्न कुणाचं होतं?"

म्हाळू आबानं माझ्याकडं पिशवी मागितली आणि अख्खी माझ्या डोक्यावर ओतली. म्हणाला, "टायरला नगं म्हणलासा. तुमाला चालतंय न्हवं?" एसटीत कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "जेजुरीवरनं का, आजोबा?" व्हय म्हणलं. घरी येऊन आंघोळ केली नाही. तसाच झोपलो.

ह्यातनं शिकायचं काय, असं कुणी विचारलं तर एवढंच. दोन यंत्रं भांडायला लागली तर यंत्रांना शिव्या देण्याआधी मधल्या टायरवर हात फिरवा. आणि एक चूक सापडली म्हणून उठू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं. गंजलं होतं, लाथ घालावी लागली. दगडूची सायकल भिंतीला तशीच. मागचं टायर पार बसलेलं. म्हणजे तिसरा काटा होता आणि शालनच्या हातनं सुटला? टायर काढलं, मांडीवर घेतलं, आतून तळहात फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. ट्यूब पाण्यात धरली. एक बुडबुडा आला नाही.

तिचं काम पक्कं होतं. नुसतं उभं राहून राहून हवा गेली होती.

हवा भरली आणि सायकल दगडूच्या दारात नेऊन लावली.