बाबांच्या पायाखालची वाट

आमच्या घरात दुर्बिणी तीन आणि धड छत्री एकही नाही. यावरून माणसं कशी आहेत ते ओळखावं. बाबांनी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि रविवार आला की आधी मला, पुढे माझ्या लेकीला, कुठल्या तरी माळावर नाहीतर खाडीवर नेलं. नवऱ्याला लग्नाआधी कावळा आणि चिमणी एवढेच पक्षी ठाऊक होते. आता तोही खंड्याच्या जातींवरून लेकीशी तावातावाने भांडतो.

डोंबिवलीतली आमची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहायचं ठरलं, तेव्हा मी सांगून टाकलं की आपण इथे परत यायचं नाही. मागच्या अंगणातली चिंच, शेवगा, तांबट पक्षी ज्यात घर करायचा ते आंब्याचं वाळकं खोड, सगळं पार्किंगखाली जाणार होतं. घर विकायचं आणि झाडं असतील तिथे कायमचं जायचं. नातेवाइकांनी भरपूर सल्ले दिले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

त्यातच बाबांच्या काचबिंदूचं कळलं, तेही उशिरा. बाजूचं दिसेनासं झालं होतं, समोरचं तेवढं नळीतून पाहिल्यासारखं शिल्लक होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, आणि ती किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बाबांनी मान डोलावली. दवाखान्याबाहेर आल्यावर म्हणाले, "कोतवाल ओरडतोय बघ तारेवर." मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. बाबांना दिसतंय तोवर त्यांच्या डोळ्यांसमोर भरपूर हिरवं ठेवायचं, असं मी त्या दिवशी मनाशी धरलं आणि घरं बघायचा सपाटा लावला.

घोडबंदर रोडला एका टॉवरच्या पार वरच्या मजल्यावर गेलो. सेल्सच्या मुलीने पडदा सरकवला आणि समोर येऊरचा अख्खा डोंगर. "फॉरेस्ट व्ह्यू आहे मॅम, लाइफटाइम. समोर काही येणारच नाही." नवरा तिथेच विरघळला. बाबा बाल्कनीत जाऊन कान देऊन उभे राहिले. खालून रस्त्याची अखंड घरघर येत होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढ्या वर घार सोडून कुणी येणार नाही." मी त्या मुलीला विचारलं, डोंगरावर जायची वाट कुठून आहे? ती घाबरलीच. "मॅम, वाट नाहीये, कंपाउंड वॉल आहे. बिबट्या वगैरे असतात ना!" दुरून डोंगर साजरे ही म्हण या लोकांनी चौरस फुटांवर विकायला काढली होती. मी पडदा परत ओढून घेतला आणि आम्ही खाली आलो.

मग ऑक्टोबरात, शीळफाट्याच्या बाजूला, एक घर सापडलं. तिसरा मजला, आणि बेडरूमच्या खिडकीखाली तळं! काठाला पाणकणीस वाढलेलं, पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरत होत्या. लेकीने काठावरची ढोकरी शोधली. बाबांना टिटवी ऐकू आली. लोक घर बघायला जातात तेव्हा नळ सोडून बघतात, स्वयंपाकघराची दिशा विचारतात. आम्ही तिघंही दुर्बिणी लावून खिडकीत, आणि दुर्बीण न मिळालेला नवरा आमच्या खांद्यांवरून डोकावतोय. बाबांची खुर्ची कुठे ठेवायची तेही मी ठरवलं. नवरा म्हणाला, "चला, फायनल करून टाकू." मी हो म्हटलं.

तेवढ्यात लेकीने सेल्समनला विचारलं, "काका, या तळ्याचं नाव काय?"

"तळं? अगं, तो फेज टूचा खड्डा आहे," तो हसून म्हणाला. "पायाचं काम थांबलेलं, त्यात पावसाचं पाणी भरलंय. पुढच्या महिन्यात पंप लावून काढतोय. इकडे तुमच्यासमोर क्लब हाउस येणार, एकदम मस्त!"

त्या जागी येणाऱ्या फेज टूचं चित्र आमच्या मागच्या भिंतीवर, दारापासून कोपऱ्यापर्यंत लावलेलं होतं. आम्ही चौघंही त्याच्याकडे पाठ करून उभे होतो.

परतीच्या वाटेवर शीळफाट्याला गाडी अडकली, ती अडकणारच होती. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "पाणकोंबड्यांना पझेशन मिळालेलं गं, आपल्याला नाही!" लेकही खिदळत होती, मीही हसले. बाबा मात्र हसले नाहीत.

"तू माझ्यासाठी बघण्याच्या जागा शोधते आहेस," ते म्हणाले. "वर्षभराने मला काय दिसेल, ठाऊक नाही. झाडं काय, कुठेही असतात. मला एकट्याला झाडापर्यंत जाऊन परत यायचं आहे. कुणाचा हात न धरता. दिसतंय तोवर ती वाट पायाखालची व्हायला हवी. नंतर नवी वाट शिकणं मला जमणार नाही."

मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्या रागातच सगळं लख्ख कळलं. डोंगर नको, तळं नको. तळमजला हवा, आणि फाटकापासून एखाद्या जुन्या झाडापर्यंत मोठा रस्ता न ओलांडता जाता यायला हवं. दुसऱ्या दिवसापासून मी एजंटांना एवढंच सांगू लागले. "ताई, तळमजला कोण घेतं?" असं जो तो म्हणाला. मी घेते, असं मी प्रत्येकाला सांगितलं.

बाळकुमला, टॉवरांच्या मागे, जुन्या गावाची गल्ली अजून शिल्लक आहे. तिथल्या एका बुटक्या इमारतीचा तळमजला कितीतरी दिवस रिकामा पडला होता. गल्ली एका दगडी भिंतीच्या कडेने जाते, एक वळण घेते आणि वडाच्या पारापाशी संपते. पलीकडे तिवरं आणि खाडी. ओहोटीला वास येतो, तो येतोच. घरमालकीण आजी वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पावसान साप येतान गो बाय. आदीच सांगून ठेवतंय."

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "साप, डास, वास. वर स्टेशन लांब. आपण घर घेतोय की अभयारण्य?"

"डासांना जाळ्या लावू, सापाला वाट सोडू," मी म्हटलं. "आणि स्टेशनला तू जातोस, मी जाते. बाबा जात नाहीत." त्याने बाबांकडे पाहिलं. ते भिंतीवर तळहात टेकून वळणापर्यंत जाऊन परत येत होते, दुसऱ्यांदा. मग त्याने आजींना किंमत विचारली.

राहायला आल्यावर बाबा रोज सकाळी माझ्याबरोबर ती वाट चालले. डावा हात भिंतीला. भिंत संपते तिथे गटाराची फरशी, ती डुगडुगते. वळणावर थांबायचं, स्कूटर येते का ते ऐकायचं. कधी कधी डोळे मिटून चालायचे आणि मला बोलू द्यायचे नाहीत. एका सकाळी चपला घालता घालता म्हणाले, "आज एकटा जातो."

"जा की," मी म्हटलं, आणि ते फाटकाबाहेर पडताच चपला काढून अनवाणी त्यांच्या मागे निघाले. बरंच अंतर ठेवून, श्वाससुद्धा जपून. डुगडुगत्या फरशीवर ते क्षणभर हलले तेव्हा मी धावायला निघालेच. पण ते सावरले, वळले, पारावर जाऊन बसले. उठायला लागले तशी मी मागच्या बोळातून धावत घरी आले आणि चहाचं आधण ठेवलं.

बाबा आले, पाय धुतले, खुर्चीत बसले.

"आपल्या खिडकीसमोर, भिंतीपाशी सातभाईंचा थवा चरत होता," ते म्हणाले. "मी जवळून गेलो तसे पक्षी कलकलले. मग गप्प झाले. मी पुढे गेल्यावर परत कलकलले. माझ्यामागून कोण येत होतं?"

मी चहा गाळत राहिले.

"उद्या येऊ नकोस," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाटकाची कडी वाजली. मला मागे धावायचं होतं, फार धावायचं होतं. मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. बाहेर भिंतीपाशी सातभाई कलकलले, मग गप्प झाले. मी ऐकत होते. ते परत ओरडले नाहीत.